मांडीवरचा चेहरा

गडमुडशिंगी,
ज्येष्ठ शुद्ध ३, शके १८३२

पार्श्वनाथ,

वर 'चिरंजीव' नाही आणि खाली आशीर्वादही नसेल. विसरले म्हणू नकोस. लेखणी तिथवर आली, अडली, आणि मीही तिला पुढं ढकललं नाही.

बाबालालच्या टांग्यातून पाठवलेलं पुडकं मिळालं. बस्तीत देवापुढच्या पोथीवर बोट ठेवून अक्षरं शिकलेली बाई मी, ओळ न् ओळ चावून वाचते, त्यामुळं तुझा एकही शब्द निसटला नाही. तू लिहितोस, दोन सालांमागं दादा, म्हणजे हे, औषधपाण्याला कोल्हापुरात तुझ्या घरी होते. जावई वारला म्हणून मी मलकापूरला गेले होते. तेव्हा दादांनी आपणहून तुझ्या गुंडूला मांडीवर घेतलं, दत्तक घेतला म्हणाले, आणि त्याच घटकेचा तू फोटो काढलास. साक्षीला तुझी बाळाबाई. म्हणून आता घर आणि मळा गुंडूचा, तो मोठा होईतो कारभार तुझा, मला मरेपर्यंत अन्नवस्त्र, आणि माझ्या विजानं मलकापूरला आपल्या सासरी जाऊन राहावं. आषाढात बस्तीत पंच बसले की फोटो त्यांच्यापुढं ठेवणार आणि त्यांचा कागद घेऊन दरबारात जाणार.

विजाला सासरी! नवरा जाऊन महिना झाला नव्हता तेव्हा त्या माणसांनी तिला गोठ्यात निजवली होती. हे स्वतः जाऊन तिला घेऊन आले, आजारी अंगानं. ते तुला ठाऊक आहे. ठाऊक असून तू ते वाक्य लिहिलंस, आणि अक्षर किती वळणदार आलंय बघ.

मग फोटो बघितला. हे खुर्चीवर बसलेत. मिशा पांढऱ्या, गालाला खळगे. मांडीवर कुंची बांधलेला गुंडू, आणि ह्यांचा उजवा हात पोराच्या पावलावर.

पारिसा, कुणाला दाखवतोस रे हा फोटो? विजा पाऊल टाकायला लागली होती तेव्हाचा हा. तू कोल्हापुरात फोटोची विद्या शिकायला नुकता राहिला होतास आणि हौसेनं आम्हाला बोलावलं होतंस. काळ्या फडक्यात डोकं घालून तू ओरडत होतास, "दादा, पोरगीचा पाय धरा, हलतीया!" म्हणून ह्यांनी तिचं पाऊल मुठीत धरलं. विजा माझ्याकडं बघून हसत होती, म्हणून तू मला पडद्यामागं पाठवलंस. तीच खुर्ची आहे ही, आणि तोच हात. विजाच्या तोंडावर तू गुंडूचं तोंड बसवलंस, पायातले वाळे पुसलेस, आणि भावाला कुंचल्यानं म्हातारा केलास.

हे कसं करतात तेही मला तूच दाखवलं होतंस. आपल्या गड्याच्या, केरबाच्या टकलावर दुसऱ्याच्या फोटोतला फेटा कापून चिकटवलास, सांध्यावर रंग दिलास आणि त्याचा पुन्हा फोटो काढून आणलास. आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो. हे तर म्हणाले होते, "आमच्या पारिसाच्या बोटांत जादू हाय." आणि हे गेल्याला वर्ष झालं त्या दिवशी तू देवळीतला तोच एकुलता फोटो मागून नेलास. "वैनी, मोठा करून आणतो, चौकटीत बसवू." मी पदरानं पुसून तुझ्या हातात दिला.

तो फोटो परत पाठव. दुसरं काही नको.

चंदनाबाई


गडमुडशिंगी,
ज्येष्ठ शुद्ध १०

पार्श्वनाथ,

तुझं उत्तर म्हणजे सहा ओळी. "वैनींचं वय झालं, आठवणीत घोटाळा होतो. फोटो खोटं बोलत नाही. यंत्राला कुणी सख्खं नाही की सावत्र नाही." बरं बोलतोस. यंत्राला नसेल. यंत्रामागं जो उभा असतो, त्याला मी रांगता असताना पदराखाली घेतलाय. सासूबाई गेल्या तेव्हा मी नवी नवरी होते. पोळी लाटता येत नव्हती, पण तुला मऊ भात भरवायला आधी शिकले. हे लिहायचं नव्हतं. उपकार बोलून दाखवले की नासतात. पण नासू देत, तू तरी कुठं जपलेस?

परवा खैरुनबी आली होती, बाबालालची बायको. तिच्यापासून माझ्या घरात काही झाकलेलं नसतं. तिनं फोटो उजेडाला धरला, लांब केला, जवळ केला.

"प्वार ऱ्हाऊ द्या वैनी. मला येवढंच सांगा, तात्यासोंच्या पायात पायताण कसं?"

"असेल की," मी म्हटलं. माझं लक्ष त्या पोराच्या तोंडावरनं हटत नव्हतं.

"असंल कसं? आमच्या मालकांनी नवं कोरं पायताण हातात दिलतं, तर पाया पडून माघारी दिलं त्यांनी. उन्हाळ्यात टांग्यातनं उतरलं की टाचा उचलत, नाचल्यागत घरात शिरायचे. मी दारात बसून हसायची, आन् तेबी हसायचे. ह्या पायांत पायताण? न्हाय बाई!"

मी फोटो हिसकून घेतला. खरंच की रे. करकरीत कोल्हापुरी, पुढं गोंडासुद्धा आहे.

तुझ्या ध्यानात राहिलं नाही, कारण तू इथं नव्हतास. विजाला साथीत गाठ आली. गाव माळावर झोपड्यांत राहायला गेलं होतं. तेव्हा ह्यांनी स्वामींच्या पुढं नेम घेतला, पोरगी वाचली तर चामडं पायाला लावणार नाही. पोरगी वाचली. त्यानंतर मरेपर्यंत हे अनवाणी चालले, उन्हात, काट्यांत, शेवटी तुझ्या घरी आले तेसुद्धा. आणि तुझा गुंडू त्या नेमानंतर कितीतरी वर्षांनी जन्मला. मग त्याला मांडीवर घेतलेल्या माणसाच्या पायात पायताण कुठून आलं? बस्तीत बसणारा एकूण एक माणूस हेच विचारेल. तुझे दादा म्हटलं की लोकांना आधी त्यांचे पाय आठवतात.

हे मी पंचांना जाऊन सांगू शकले असते. खैरुनबी म्हणतेय, "गप ऱ्हावा की. त्येला भर बस्तीत पडू द्या तोंडावर, मग कळंल." विजाही तेच म्हणते, पण ती माझ्याकडं न बघता म्हणते.

मी तुला आधी लिहितेय. फोटो मागं घे. पंचांना काय सांगायचं ते सांग. चूक झाली म्हण, दुसराच फोटो पाठवला गेला म्हण, मी तोंड उघडणार नाही. खोटा ठरलास तर समाजात तुझ्या हातचं पाणी कुणी घेणार नाही आणि तुझ्या यंत्रापुढं कुणी बसणार नाही. बाळाबाई, गुंडू कुठं जातील? माझा राग तुझ्यावर आहे, त्यांच्या ताटावर नाही.

चंदनाबाई


गडमुडशिंगी,
ज्येष्ठ वद्य ६

चि. पारिसास,

बघ, लेखणी आज अडली नाही.

तुझं पत्र विजाकडून मोठ्यानं वाचून घेतलं. "वैनी, तुम्ही माझ्या आईच्या जागी. माझी मती फिरली होती. फोटो मागे घेतो. पत्रानं कळवणं बरं दिसत नाही, आषाढाच्या बैठकीला येऊन पंचांना तोंडी सांगतो." विजानं पत्र घडी करून ठेवलं आणि म्हणाली, "अव्वा, काका बोलतो छान." मी तिला रागावले. माणूस वाकतो तेव्हा त्याची पाठ मोजत बसू नये, असं म्हटलं. ती शेणी थापायला निघून गेली.

बाबालालजवळ कारळ्याची चटणी, गुंडूसाठी तिळाच्या वड्या आणि बाळाबाईला सांडगे दिलेत. सांडगे थोडे तांबडे तळायला सांग, पांढरे राहिले तर चिकटतात. बैठकीच्या दिवशी जेवायला घरीच ये. बस्तीतून परस्पर जाऊ नकोस. तुझ्या आवडीचं वांगं करीन.

आशीर्वाद.

तुझी वैनी


गडमुडशिंगी,
आषाढ शुद्ध ८

पार्श्वनाथ,

वांगं म्हशीला घातलं.

तुझं पत्र आलं. मी डाव साधला, सापळा लावला, भर बस्तीत तुझी अब्रू घेतली, आधीपासून ठरवून आले होते. आणि वर असं, की बाईमाणसानं पंचांपुढं बोलणं शोभलं नाही. तू खाली मान घालून बसला होतास आणि अर्ध्यातून उठून गेलास, तेव्हा काय झालं ते तुला पुरतं दिसलंच नसणार. मी सांगते. राग आला तरी शेवटपर्यंत वाच.

मी बायकांत, खांबाच्या मागं बसले होते. पदराखाली तू पाठवलेला पहिला फोटो होता, पायताणाचा. का आणला म्हणतोस? तुला परत द्यायला आणला. म्हटलं, तू पंचांपुढं मोकळा झालास की तुझ्या हातात देईन, तूच चुलीत घाल. गाठोड्यात दुमडायला नको म्हणून लाकडी पाटीला बांधून आणला होता. इतकी मी ठरवून आले होते.

तू उठलास. मी हात जोडले. आणि तू पिशवीतून फोटो काढून पंचांतल्या नेमगोंडा पाटलांच्या हातात दिलास. "माझ्या थोरल्या भावाची शेवटची इच्छा," म्हणालास. आवाज घोगरा काढलास. माझ्या शेजारच्या म्हातारीनं डोळ्याला पदर लावला.

पाटील म्हणाले, "तात्यासो हुबेहूब हाय की. पाय बी आनवानी. नेम पाळला गड्यानं." फोटो हातोहात फिरला. मला काही सुधरेना. अनवाणी? मी तर अजून पायताणच बघत होते मनात.

मग पाटलांनी फोटो बायकांकडं पाठवला. "वैनींना दावा. नवरा त्येंचा, वळखू द्या त्येंना."

फोटो हातात आला. पायताण गेलं होतं. त्या जागी दोन उघडे पाय.

पारिसा, तेव्हा मला कळलं. तुला वाचवायला मी पत्र लिहिलं. त्या पत्रातून तू एवढंच उचललंस, की पाय दुरुस्त करायचे राहिलेत. "आईच्या जागी" हे तू माझी बोलती बंद ठेवायला लिहिलंस, मधल्या दिवसांत काम उरकावं म्हणून. माझी चटणी खात खात केलंस काय रे ते?

तरीही मी गप्प बसले असते का? मला सांगता येत नाही. विजा समोर बसली होती, पांढऱ्या लुगड्यात, गुडघे छातीशी घेऊन. तिच्याकडं बघितलं आणि पुन्हा फोटोकडं बघितलं, तेव्हा मला ते बोट दिसलं.

उजव्या पायाचं, अंगठ्याशेजारचं. पलीकडच्या बोटावर चढून बसलेलं. तू जात्याची वरची तळी पायावर पाडून घेतली होतीस तेव्हापासूनचं. मी हळद-तेलाची पट्टी बांधायची आणि तू बोंब मारायचास. बोट सरळ बसावं म्हणून कामट्या लावल्या होत्या, त्या तू खेळायला म्हणून सोडून टाकल्यास. दुसऱ्या कुणाचे पाय मागायची सोय नव्हती, म्हणून तू स्वतःच खुर्चीवर बसलास आणि आपल्याच पायांचा फोटो काढलास, होय ना? आणि ते बोट तुला खटकलंसुद्धा नाही. रोजचे, आपलेच पाय.

पाटील म्हणाले, "बोला वैनी. तात्यासोच न्हवं ह्ये?"

मी उभी राहिले. आवाज लटपटला नाही, त्याचं मलाच नवल वाटलं. म्हटलं, "तोंड ह्यांचं आहे. हात ह्यांचा आहे. पाय माझ्या पारिसाचे आहेत."

आधी कुणाला अर्थच लागला नाही. तू मात्र पाय धोतराखाली ओढलेस. बस्तीत सगळेच अनवाणी. तिथं पाय कुठं लपवणार?

नेमगोंडा पाटील चष्मा सावरत म्हणाले, "पारिसनाथ, जरा पाय फुडं घे की."

"पाटील, ह्ये काय बोलणं झालं?" तू म्हणालास.

"काय न्हाय रं, निस्तं बघतो. पाय दावायला काय फोटू काढल्यागत पैसं पडत्यात व्हय?"

मागच्या रांगेतला कुणीतरी फिसकन हसला. तेव्हा मी पाटी सोडली आणि पहिला फोटो पुढं केला. तोच माणूस, तीच खुर्ची, तोच हात, तेच पोर. एकात पायताण, एकात तुझे पाय. दोन्ही पाटलांनी शेजारी शेजारी मांडले. इथं तू उठलास.

पुढचं तुला माहीत नाही. पाटलांनी दोन्ही फोटो उलटे घालून ठेवले आणि म्हणाले, "दत्तक झालेलं न्हाय. घर, मळा चंदनावैनींचा, त्येंच्यामागं विजयमालेचा. ह्याच्यावर बोलायचं कारण न्हाय." तुझ्याशी रोटीव्यवहार बंद करायचं निघालं. दोघे-तिघे तावातावानं उठले. मी म्हटलं, "त्याच्या पोराला उद्या शाळेत कुणी शिवेनासं होईल, एवढं करू नका." पाटील म्हणाले, "अजून तुमाला त्येचीच काळजी?" मी म्हटलं, त्याची नाही, पोराची. खोटं नाही बोलले. निदान तेव्हा तरी खरंच वाटलं मला ते.

घरी येताना खैरुनबी रस्त्यात भेटली. तिला आधीच कळलं होतं, बाबालालच्या टांग्यात बातमी माणसांच्या आधी चढते. म्हणाली, "गावात म्हणत्यात, पारिसनाथाकडं फोटू काढायला जाताना पाय घरी ठेवून जावा." तिला वाटलं मी हसेन. मी रस्त्याच्या कडेला बसले आणि रडले. ती बिचारी माझ्या पाठीवरून हात फिरवत तुलाच शिव्या देत बसली, तिच्या शिव्या कशा असतात तुला माहीत आहे.

आता विचार तुझ्या मनाला, सापळा कुणी लावला. मी तुला बाहेर पडायला दार उघडून दिलं होतं. तू दाराच्या बिजागऱ्या काढून नेल्यास.

ह्या घराकडं फिरकू नकोस.

चंदनाबाई


गडमुडशिंगी,
श्रावण वद्य २

पार्श्वनाथ,

लिहिणार नव्हते. विजानं लेखणी आणून पुढ्यात ठेवली.

तुझं पाकीट आलं. पत्र आधी वाचलं. तू लिहितोस, गिऱ्हाइकं तुटली, दिवाळीनंतर लग्नसराई आहे तरी आपल्या माणसांतला कुणी दाराशी येत नाही. तेव्हा मी पाटलांना दोन ओळी लिहाव्यात की घरातला गैरसमज होता, मिटला. बदल्यात तू जुना फोटो होता तसा करून देशील. विजाचं तोंड पुन्हा जागच्या जागी चिकटवून, सांधा दिसणार नाही असा.

त्या ओळी मी लिहिणार नाही. गैरसमज नव्हता आणि मिटलेला नाही. आणि फोटो करून देऊ नकोस. तुझ्या हातून आलेलं विजाचं तोंडही आता मी नखानं खरवडून बघेन, खाली दुसरं कुणी आहे का. ह्यांचा चेहरा आठवतानाही मला मिशीच्या मुळाशी रंग शोधायची सवय लागलीय. मळा तू घेऊ शकला नाहीस. हे मात्र घेतलंस.

तुझ्या पत्राच्या घडीतून काहीतरी भाकरीच्या पिठात पडलं. मी कोंडा समजून फुंकर मारणार होते. विजानं हात धरला.

नखाएवढा कागद. त्यावर कुंची, आणि कुंचीत विजाचं हसरं तोंड. कात्रीनं कडेकडेनं, हनुवटीच्या गोलाईवरून जपून कापलेलं. माझ्या फोटोतलंच. ते तू मुद्दाम घातलंस की चुकून आलं, पत्रात अक्षर नाही. पडद्यामागं लपलेल्या मला बघून हसत होती ती.

विजानं ते ओल्या बोटानं उचललं आणि तळव्यावर घेऊन बसली. पोरगी नवरा गेला तेव्हा रडली नव्हती, सासरच्यांनी गोठ्यात निजवली तेव्हा रडली नव्हती. म्हणाली, "मी अशी हसायची व्हय, अव्वा?" मी म्हटलं, अशीच. मग ती रडली. आम्ही दोघींनी कपाळाला लावायचं सोडलंय, म्हणून कुंकवाचा करंडा फडताळात रिकामाच होता. तो धुऊन, वाळवून तिनं ते तोंड त्यात ठेवलं.

मी भाकऱ्या उरकल्या, पण एक गोष्ट डोक्यातून जाईना, आणि पत्र त्यासाठीच आहे.

तू हे फेकलं कसं नाहीस? तुझं काम झालं होतं. गुंडूचं तोंड बसलं होतं. हा तुकडा घरात ठेवणं तुला धोक्याचं होतं, सापडला असता तर सगळंच उघडं पडलं असतं. लबाड माणसानं तो पहिल्यांदा जाळला असता. तू जपून ठेवलास, एवढे दिवस, कुठं कोण जाणे.

विजा म्हणते, "काकाला विचार तरी." मी तिला म्हटलं, विचारून काय होणार, पुन्हा वळणदार अक्षरात काहीतरी येईल, आणि मी पुन्हा चटणी बांधून पाठवीन.

म्हणून उत्तर लिहू नकोस. लिहिलंस तर न वाचता परत पाठवीन. फोटोही पाठवू नकोस.

ये. चुलीपुढं माझ्यासमोर बस आणि तोंडानं सांग. मला तुझा चेहरा बघायचा आहे.

चंदनाबाई